पहिले कुलूप भाषेचे

महानगरांत करमणूक म्हणून रुजलेला ‘एस्केप रूम’चा खेळ जगभरातील प्राथमिक वर्गांत गणित आणि वाचनाच्या सरावासाठी वापरला जाऊ लागला आहे. सातपुड्यातील धडगावसारख्या तालुक्यात तो नेला, तर मुलांच्या हाती काय लागेल आणि काय निसटेल, याचा हा वेध.

पाच-सात जण एका खोलीत शिरतात, दार बंद होते आणि साठ मिनिटांची उलटगणती सुरू होते. भिंतीवरचे चित्र, कपाटातील वही, टेबलाखाली चिकटवलेली चिठ्ठी यांतून दुवे शोधायचे, त्यांचा मेळ घालायचा, एकामागून एक कुलपे उघडायची आणि वेळ संपण्याआत बाहेर पडायचे. ‘एस्केप रूम’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ पुण्या-मुंबईच्या तरुणांना आता नवा राहिलेला नाही. त्याचा उगम जपानमधला. २००७ साली क्योटो शहरात ताकाओ कातो यांनी ‘स्क्रॅप’ या आपल्या कंपनीतर्फे संगणकावरील कोड्यांचा हा प्रकार प्रत्यक्ष खोलीत उतरवला आणि पुढच्या दहा वर्षांत तो जगभर पसरला.

करमणुकीतून ही कल्पना शाळेत शिरली, तेव्हा तिच्यात एक महत्त्वाचा बदल झाला. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत ‘ब्रेकआउट ईडीयू’ या उपक्रमाने शिक्षकांसाठी अनेक कुलपे लावता येतील अशी पेटी तयार केली. मुलांना खोलीत कोंडायचे नाही, कुलूप पेटीला लावायचे; आणि त्या कुलपाचा आकडा गणिते सोडवून किंवा मजकूर वाचून मिळवायचा, हे तिचे सूत्र. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधील कोशालिन शहरात अशाच एका खेळघरात आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा मृत्यू झाला. बंद दाराचा थरार किती महाग पडू शकतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. तेव्हा वर्गातील खेळात दार सताड उघडे आणि पेटी तेवढी बंद, हा पहिला नियम मानला पाहिजे.

आता प्रश्न असा, की वजाबाकी आणि वाचन यांसारख्या प्राथमिक कौशल्यांसाठी हा उपद्व्याप करावा कशाला? पाढे पाठ करून घ्यावेत, उजळणी घ्यावी, पुस्तकातील उतारा वाचून घ्यावा, एवढे पुरेसे नाही काय? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ ही पाहणी होते. घरी जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. अंक ओळखायला आणि हातच्याची वजाबाकी करायला सांगतात. २०२४ च्या पाहणीनुसार सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये, म्हणजे करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, हेच प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले होते. वजाबाकी करू शकणारी तिसरीतील मुले २०२४ मध्ये २७.६ टक्के आढळली. सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण तिसरीतील दर चार मुलांपैकी तिघांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही स्थिती कोणत्याही अर्थाने समाधानाची म्हणता येणार नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले, तेव्हा २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित करता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी लागतो तो सराव. आणि वर्गातील सरावाची मोठी अडचण अशी, की ज्या मुलाला त्याची सर्वाधिक गरज असते तेच मूल त्यातून सर्वात आधी अंग काढून घेते. उजळणी सामुदायिक असते, तिच्यात न येणाऱ्याचा आवाज येणाऱ्यांच्या आवाजात सहज मिसळून जातो. वही तपासून परत येईपर्यंत आपण काय चुकलो, याची मुलाला पर्वा उरलेली नसते. कुलपाच्या खेळाचे बळ नेमके येथे आहे. उत्तर बरोबर की चूक, हे त्याच क्षणी कळते. ते शिक्षक सांगत नाहीत, कुलूप सांगते. कुलूप रागावत नाही, लाल शाई वापरत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. ते फक्त उघडत नाही, आणि मूल पुन्हा प्रयत्न करते.

खेळातून शिकवण्याचा विचार आपल्याकडे परदेशातून आयात झाला, असे मात्र कोणी समजू नये. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टी आणि खेळ घेऊन शिरतो, त्याला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात दुकानातील महागड्या साधनांची जागा बिया, शंख-शिंपले, पाने आणि खडे यांनी घेतली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे जाईल, अशी ‘कुरणशाळा’ त्यांनी चालवली. साधन परिसरातले असावे आणि शाळेने मुलाच्या दिशेने चालावे, हा त्या कामाचा गाभा होता. नव्या खेळाची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी. त्यासाठी धडगावइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात आहे. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के आहे. राज्याची सरासरी तेव्हा ८२ टक्के होती आणि नंदुरबार सर्वात तळाशी होता. २०१८ साली नीती आयोगाने ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश झाला. तालुक्याचा उत्तरेकडील काठ नर्मदेचा, बाकी सारा सातपुड्याचा डोंगर. घरे एका गावठाणात दाटीने नसतात. ती पाड्यापाड्यांत, उतारांवर विखुरलेली असतात. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, त्यातील बहुसंख्य याच तालुक्यातील होती. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे उतरतात. मुले त्यांच्याबरोबर जातात, शाळेतील धडे मात्र पुढे सरकत राहतात.

या साऱ्याहून मोठी अडचण वर्गाच्या आत आहे, आणि ती बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दिसतही नाही. येथील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा मराठी नाही. पावरा समाजाची पावरी आणि अन्य भिल्ली बोली येथे बोलल्या जातात. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापाशी हजारो शब्द असतात, झाडे, पाखरे, पिके, नाती यांचे बारकावे असतात. पण पाठ्यपुस्तक उघडले की ती सारी पुंजी जणू चलनातून बाद होते. अक्षर ओळखणे हे एक काम, त्या अक्षरांतून उमटणारा शब्द अनोळखी असणे हे दुसरे. मराठी घरातील मुलाला ‘विहीर’ हा शब्द अर्धा वाचता आला की उरलेला अंदाजाने पुरा करता येतो, कारण तो कानावर पडलेला असतो. धडगावच्या मुलाला हा अंदाजाचा आधारच नसतो. म्हणून त्याचे वाचन अक्षरांच्या पायरीवर अडखळते, आणि आपण त्याची नोंद ‘अप्रगत’ अशी करतो.

आता या वर्गात कुलपाची पेटी आणून ठेवू. चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘रमाकडे ५२ किलो आमचूर होते. तिने बाजारात २८ किलो विकले. उरलेल्या किलोंचा आकडा हेच पेटीच्या कुलपाचे पहिले दोन अंक.’ उत्तर २४. विषय येथल्या मुलांना परका नाही. कैऱ्या सोलून, कापून, वाळवून आमचूर करणे हा धडगाव परिसरातील घराघरांचा उन्हाळी उद्योग आहे. मुलाने २४ लावले नाहीत आणि कुलूप उघडले नाही, तर त्याला काय येत नाही? वजाबाकी की वाचन? हातचा की ‘उरलेल्या’ या शब्दाचा अर्थ? कुलपाला हे सांगता येत नाही. गणिताचा खेळ म्हणून आपण जे मांडले ते त्या मुलासाठी भाषेची परीक्षा ठरलेले असू शकते. एका कुलपामागे दुसरे कुलूप आहे, आणि आपल्याला पहिले दिसलेलेच नाही.

संख्यांच्या नावांचा गुंता तर मराठी मुलांनाही चुकलेला नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते, लिहायचे असतात २९. ‘बावन्न’मध्ये पन्नास शोधून सापडत नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला, विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : जोडाक्षरे असलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी ही नावे लहान मुलांना अवघड जातात, तेव्हा संख्येचा अर्थ आधी कळू द्यावा. मराठी ज्यांच्या घरची भाषा आहे त्यांच्यात या प्रश्नावर भाषेच्या भवितव्याची चर्चा झाली. मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही अशा मुलांना ही नावे शिकताना काय वाटत असेल, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

संख्येच्या या गुंत्यावर कुलूप खरोखर कामाला येते. शिक्षकांनी ‘बावन्न’ म्हणावे आणि मुलाने अंकांच्या चकत्या फिरवाव्यात. ज्याने २५ लावले त्याचे कुलूप उघडणार नाही, आणि अंकाचे स्थान बदलले की संख्या बदलते ही गोष्ट त्याच्या बोटांना कळेल. मग दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर मांडाव्यात आणि पुन्हा लावायला सांगावे. येथे वाचायचे वाक्य नाही, त्यामुळे चूक झाली तर ती कशाची, हेही स्पष्ट राहते. एका वेळी एकच कौशल्य तपासणारे कुलूप हे चांगले कुलूप, असा नियमच करायला हरकत नाही.

वजाबाकीचे उदाहरणही याच दृष्टीने पुन्हा पाहू. ५२ मधून २८ वजा करताना अनेक मुले ३६ हे उत्तर आणतात. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे. दोनातून आठ जात नाहीत म्हणून ती आठातून दोन वजा करतात आणि सहा लिहितात. पाचातून दोन गेले, तीन उरले. त्यांच्या दृष्टीने सारे नियमानुसार झालेले असते. कुलूप ३६ ला उघडणार नाही, पण का उघडत नाही हे ते सांगणार नाही. तो खुलासा जुड्या सोडून, काड्या मोकळ्या करून शिक्षकांनीच करायचा आहे. म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की कुलूप हे सरावाचे साधन आहे, शिकवण्याचे नव्हे. जे शिकवलेलेच नाही त्याचा सराव खेळातून होत नाही. होते ती केवळ अटकळबाजी.

आणि अटकळबाजीला हा खेळ मोठा वाव देतो. तीन अंकी कुलपाच्या एकूण शक्यता एक हजार. पण दोन अंक मिळाले की तिसऱ्यासाठी दहाच उरतात, आणि चलाख मुलांना ते पहिल्याच दिवशी उमगते. तिसरे गणित न सोडवताच पेटी उघडते. गटातील एक हुशार मूल सारे सोडवते आणि बाकीचे चौघे टाळ्या वाजवतात, हा दुसरा धोका. समोर घड्याळ लावले, की तो अधिकच वाढतो; कारण वेळ अपुरा असेल तेव्हा अडखळत वाचणाऱ्याच्या हातून चिठ्ठी काढून घेणे हेच गटाच्या हिताचे ठरते. म्हणजे ज्याच्यासाठी खेळ मांडला, तोच त्यातून बाहेर. सुटकेचा हा खेळ मग त्याला बाहेर ठेवण्याचा खेळ होऊन बसतो.

या खेळाच्या शैक्षणिक उपयोगाचे जे अभ्यास आजवर झाले, त्यांतील बहुतेक महाविद्यालयीन आणि व्यावसायिक शिक्षणातील, विशेषतः वैद्यक आणि परिचर्या शिक्षणातील आहेत. विद्यार्थ्यांचा उत्साह आणि सहभाग वाढतो, असे त्यांत सातत्याने आढळते. प्रत्यक्ष शिकणे किती वाढले, याबाबतचा पुरावा मात्र तुलनेने तोकडा आहे. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी, तेही घरच्या भाषेबाहेर शिकणाऱ्या, हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. उत्साहाचे मोल कमी नाही. पण तेवढ्यावर वाचता येत नाही.

याउलट ज्याचा पुरावा भक्कम आहे, ती गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. मूल ज्या इयत्तेत आहे तेथून नव्हे, तर त्याला जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवावे. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे तत्त्व अनेक ठिकाणी तपासले गेले आहे. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली नोबेल मिळाले, त्यामागील कामात त्याचाही वाटा आहे. कुलपांच्या खेळाला हे तत्त्व सहज जोडता येते. एकाच गोष्टीत चार लिफाफे ठेवावेत. एकात अंक ओळखण्याचे कोडे, दुसऱ्यात जुड्या-सुट्यांचे, तिसऱ्यात हातच्याच्या वजाबाकीचे, चौथ्यात भागाकाराचे. चारही उत्तरांशिवाय पेटी उघडू नये. मग पहिलीतल्या मुलाचा अंक चौथीतल्या मुलाइतकाच मोलाचा ठरतो.

पहिली ते चौथीची मुले एका खोलीत बसणारी, दोन शिक्षकांची शाळा आपल्याकडे कमतरतेचे लक्षण मानली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले, तेव्हा त्यात पानशेतबरोबर याच अक्राणी तालुक्यातील तोरणमाळच्या शाळेचा दाखला दिला होता. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतात, हे खरे. पण डोंगरातील सहा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर न्यायचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि म्हणून या धोरणाला विरोधही झाला. त्या वादात न शिरताही एक गोष्ट म्हणता येईल. अनेक वयांची थोडी मुले एकत्र असणे ही या खेळापुरती तरी उणीव नसून सोय आहे. मोठ्या शहरातील पन्नास मुलांच्या वर्गाला जे जुळवून आणावे लागते, ते पाड्यावरच्या शाळेत आधीच हजर असते. शिवाय प्रत्येक खेळ स्वयंपूर्ण असल्याने ऊसतोडीवरून तीन महिन्यांनी परतलेल्या मुलालाही त्याच दिवशी गटात बसता येते. त्याचा अमुक धडा बुडाला, असे म्हणून त्याला मागे ठेवावे लागत नाही.

साधनांचा प्रश्न उरतो. आकड्यांचे खरे कुलूप हवेच असे नाही. चौथीतील एखादे मूल ‘कुलूपवाला’ करावे. त्याच्या कानात आकडा सांगायचा आणि तो कसा आला ते दाखवायचे. दाखवता आले तरच पेटी उघडेल. असे केले की अटकळीने कुलूप उघडण्याची वाट आपोआप बंद होते. दुसरे, आणि त्याहून मोलाचे म्हणजे, ‘कसा आला’ हे सांगणे पावरीत होऊ शकते. लोखंडी कुलपाला भाषा नसते, या कुलपाला मुलांची भाषा येते. कोड्याची चिठ्ठी मराठीत असावी, तिच्याबद्दलची चर्चा घरच्या भाषेत व्हावी, आणि सुरुवातीच्या इयत्तांत काही चिठ्ठ्याच पावरीत, देवनागरी लिपीत लिहिलेल्या असाव्यात. ओळखीचा शब्द अक्षरांतून बाहेर पडतो तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, तीच वाचनाची खरी सुरुवात असते.

हे स्वप्नरंजन नाही, कारण याच डोंगरात त्याची वाट आधीच पडलेली आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठच्या गावांत ‘जीवनशाळा’ सुरू केल्या. अक्राणी तालुक्यातील निमगव्हाण आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी या गावांतील शाळा त्यांतील सुरुवातीच्या. गावातलेच तरुण शिक्षक झाले, मराठीबरोबर पावरी-भिलोरीला वर्गात स्थान मिळाले, जंगल, नदी आणि शेती हे अभ्यासाचे विषय झाले. आंदोलनाच्या भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. पण आदिवासी मुलाची भाषा ही अडचण नसून शिकण्याचे भांडवल आहे, हे या शाळांनी कागदावर नव्हे तर वर्गात मांडले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क ने भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेचा आग्रह धरते. वाक्ये तयार आहेत. वर्गातील चिठ्ठी तेवढी लिहायची राहिली आहे.

गणिताबाबतही असेच. नेचर या विज्ञानपत्रिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकाता येथील मुलांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारात विक्री करणारी मुले मालाचा आणि सुट्या पैशांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी अचूक करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडखळतात. आणि शाळेत गणिते सोडवणाऱ्या मुलांना बाजाराचा हिशेब अवघड जातो, असे त्यात दिसून आले. धडगावच्या बाजारात आईबरोबर आमचूर किंवा मका विकायला बसणाऱ्या मुलाला हा निष्कर्ष सांगण्याची गरज नाही. तो रोज जगतो. दोन्ही गणितांमध्ये पूल बांधणे हेच शाळेचे काम. कोड्यांच्या खेळात हा पूल बांधता येतो, पण त्यासाठी गोष्ट बाजारातली हवी आणि शेवटी ती पाटीवर मांडलीही गेली पाहिजे. तोंडी हिशेब करून पेटी उघडली आणि पाटी कोरी राहिली, तर पूल अर्धाच राहिला असे समजावे.

धोका आहे तो या कल्पनेचे परिपत्रक होण्याचा. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी विचारपूर्वक उभे केलेले काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्यांतील अनेकांनी आपल्या शाळेत खरोखर बदल घडवला. पण बऱ्याच ठिकाणी विचारांऐवजी फरशीवरची रंगीत आखणी तेवढी पोचली. शिकण्याच्या साधनांचे आपल्याकडे असे होते. साधन डोळ्यांना दिसते, त्याचा फोटो काढता येतो, अहवालात ते नोंदवता येते. साधनामागील शिक्षकाचे निरीक्षण दिसत नाही. उद्या जिल्ह्याजिल्ह्यात ‘कुलूपपेट्यां’ची खरेदी निघाली, मराठीत छापलेल्या एकसारख्या चिठ्ठ्या गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत वाटल्या गेल्या आणि किती शाळांनी खेळ घेतला याचे तक्ते मागवले गेले, तर धडगावच्या मुलासाठी ते आणखी एक न उघडणारे दार ठरेल.

त्याऐवजी मागणी अगदी लहान आहे. चिठ्ठ्या तालुक्यातच लिहिल्या जाव्यात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोली जाणणाऱ्या स्थानिक शिक्षकांनी महिन्यातून एक खेळ रचावा आणि कोणत्या कोड्यावर कोणती चूक झाली याची टिपणे पुढच्या परिषदेत आणावीत. घड्याळ वर्गाबाहेर ठेवावे. वाचणारा, मांडणारा, पडताळणारा आणि कुलूपवाल्यासमोर सांगणारा अशा भूमिका प्रत्येक खेळात फिरत्या असाव्यात. आणि शिक्षकांना शाळाबाह्य कामांतून एवढी सवड मिळावी, की मूल ३६ का लावते आहे हे पाहत पाच मिनिटे त्याच्याशेजारी बसता येईल. यांतील कोणत्याही गोष्टीला निविदा लागत नाही.

तिसरीपर्यंत न वाचणारे मूल पुढे चौथीत, पाचवीत जातच राहते. पुस्तके जाड होत जातात आणि ते गप्प होत जाते. एके दिवशी ते शाळेत येत नाही आणि गुजरातच्या उसाच्या फडात हजेरी लावते. त्याने शाळा सोडली, असे आपण म्हणतो. पेटी त्याच्यासमोर होती, किल्लीही त्याच्याच बोलीत होती. ती त्याच्याकडून कोणी मागितली नाही, एवढेच.